बारा मार्क गेले कुठे?

पत्र थोडक्यात असं आहे. देवगड तालुक्यातल्या एका गावातली मुलगी, वय २५. जॉर्जियातून एमबीबीएस करून परत आली, जूनची एफएमजीई, म्हणजे परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरांना इथल्या परवान्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा, दिली, ३०० पैकी १३८ मिळाले, पास व्हायला १५० लागतात. आता डिसेंबरची तयारी चालू आहे. फोनवर एक क्यूबँक, म्हणजे सरावाचा प्रश्नसंच, आहे, वर्षाचं सबस्क्रिप्शन, त्यातले निम्म्याहून कमी प्रश्न सोडवून झालेत. बॅचच्या ग्रुपवर पास झालेला प्रत्येक जण वेगळ्याच अ‍ॅपचं नाव घेतो, एकजण म्हणतो तीन घेतल्याशिवाय होतच नाही, अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो यूवर्ल्ड ही तिकडची क्यूबँक कर आणि बाकी कशाला हात लावू नको, आणि टेलिग्रामवर कोणीतरी सगळी अ‍ॅप मिळून किरकोळ पैशात द्यायला तयार आहे. बाबा आंबा बागायतदार. "पैशाचो इचार करू नको, कलमां आसत" म्हणतात आणि पुढच्या हंगामावर वाशीच्या दलालाकडून उचल घ्यायच्या तयारीत आहेत. ती विचारते, "ताई, कुठली क्यूबँक घेऊ? पहिल्यांदाच चुकीची घेतली म्हणून गेले असं वाटतंय. गणपतीत सगळे चाकरमानी येणार, त्यांना काय सांगू तेही कळत नाहीये."

अगं, पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या एका वाक्यावर थांबले, "चुकीची घेतली म्हणून गेले". हे तुला कसं कळलं? जी क्यूबँक निम्मीसुद्धा झाली नाही ती चांगली की वाईट हे अजून तुला माहीतच नाहीये. मला तरी पत्रावरून एवढंच दिसतंय की ती अर्धी राहिली. का राहिली हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दुसरं अ‍ॅप घेऊन मिळणार नाही, कारण ते पण डिसेंबरपर्यंत अर्धंच होईल.

ग्रुपवरच्या लोकांचं पण जरा वेगळ्या नजरेने बघ. पास झालेला मुलगा सांगतो मी अमुक केलं, आणि तो खोटं बोलत नसतो. पण तेच अमुक करून जे गेले ते ग्रुपवर गप्प असतात, तू पण गप्पच आहेस ना सध्या? या परीक्षेला बसणाऱ्यांपैकी साधारण पाचात एक जण निघतो, कधी थोडे कमी, कधी थोडे जास्त. म्हणजे मॅरो घ्या, प्रेपलॅडर घ्या, डॅम्स घ्या, सेरेबेलम घ्या, कुठलंही मोठं नाव घेतलं तरी ते घेऊन न निघालेली मुलं पास झालेल्यांपेक्षा जास्तच असणार. नावावरून काही ठरत नाही एवढंच मला म्हणायचंय. ही सगळी मोठी अ‍ॅप कामापुरती चांगली आहेत, त्यातलं एक पूर्ण करणारी मुलं कमी आहेत.

मी पण बाहेरून शिकून आलेली, आणि मी पण पहिल्या वेळी गेले होते, म्हणून तुझं ते "तोंड दाखवायचं कसं" मला नीट कळतं. तेव्हा मी पण हेच केलं होतं, दोन महिने कुठलं मटेरियल चांगलं हे विचारत फिरले, आणि ज्याच्याकडून जे मिळालं ते झेरॉक्स करून आणलं. खोलीत गठ्ठे वाढत गेले आणि मी रोज सकाळी कुठल्या गठ्ठ्यापासून सुरुवात करायची यातच अर्धा तास घालवायचे. दुसऱ्या वेळी निघाले ते एकाच संचावर, आणि तो संच काही फार भारी होता असं नाही.

तर आधी १२ मार्कांचं बोलू. तुझे १२ कमी पडलेत. ५० नाही, १२. ही परीक्षा पात्रतेची आहे, १५० मिळवणारा आणि २५० मिळवणारा दोघांना एकच निकाल, रँक वगैरे काही नाही. म्हणजे तुला सगळं यायला पाहिजे असं नाहीये, तुला १२ अधिक थोडे सुरक्षेपुरते, धर २५-३० मार्क कुठून आणायचे एवढं शोधायचंय. आणि ते शोधायला परीक्षा घेणाऱ्या बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत दिलेली विषयवार वाटणी पुरते, ती कागदावर लिहून भिंतीला लाव. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, गायनॅक ३०, पीएसएम म्हणजे सार्वजनिक आरोग्य ३०, हे चारच १२५ झाले. मग बालरोग, डोळे आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रो आणि फार्मा १३-१३, फॉरेन्सिक १०. आणि शेवटी मानसोपचार, त्वचारोग, भूल, ऑर्थो, रेडिओलॉजी, रेडिओथेरपी हे सहा छोटे विषय ५-५ मार्कांचे, पण मिळून ३० होतात, म्हणजे एका गायनॅकएवढे.

आता यात तुझं काय आहे बघ. बाहेर शिकलेल्या मुलांचं मेडिसिन-सर्जरी बऱ्यापैकी असतं कारण रोग सगळीकडे तेच. पण पीएसएम आणि फॉरेन्सिक मिळून ४० मार्क आहेत आणि ते जवळजवळ पूर्ण भारतीय आहेत. आपलं लसीकरणाचं वेळापत्रक, आपले राष्ट्रीय कार्यक्रम, आपले कायदे, हे तिकडे तिबिलिसीत तुला कोण कशाला शिकवेल? प्राथमिक आरोग्य केंद्र किती लोकसंख्येला असतं, सपाट भागात ३०,००० आणि आपल्यासारख्या डोंगराळ भागात २०,०००, उपकेंद्र ५,००० आणि डोंगराळ भागात ३,०००, हे असले प्रश्न पाठ करून मिळणारे मार्क आहेत. माझ्याकडे दर वर्षी दोन-चार मुलं विचारायला येतात, त्यात मी हेच बघत आलेय, अ‍ॅनाटॉमीच्या ब्रेकियल प्लेक्ससवर आठवडा घालवलेला असतो आणि पीएसएम "शेवटच्या पंधरा दिवसांत बघू" म्हणून ठेवलेलं असतं. तुझं तसंच झालंय असं मी म्हणत नाही, पण तपास.

आणि अजून एक विचारते, पेपरात किती प्रश्न रिकामे सोडलेस? या परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग नाही. चुकलं तर काही जात नाही. तरी मुलं प्रश्न सोडून येतात, कारण क्यूबँकमधल्या मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट पीजीसारखं निगेटिव्ह लावलेलं असतं आणि तिथे हात आखडायची सवय लागते. २० प्रश्न रिकामे सोडले तर नुसत्या अंदाजाने खुणा केल्या असत्या तरी सरासरी ५ बरोबर आले असते, आणि चारातले दोन पर्याय खोडता येत असतील तर १०. १२ मार्कांनी गेलेल्या मुलीला हा हिशोब लहान नाही.

म्हणून पहिलं काम. काहीही विकत घ्यायच्या आधी, येत्या रविवारी, आहे त्याच अ‍ॅपवर एफएमजीई पॅटर्नचा एक पूर्ण मॉक दे. १५० प्रश्न १५० मिनिटांत, मग जेवणाची सुट्टी, मग परत १५० प्रश्न १५० मिनिटांत. घरात सांगून ठेव की कोणी हाक मारायची नाही. आणि मॉक झाल्यावर स्कोअर बघून रडायचं नाही की खूश व्हायचं नाही, खरं काम त्यानंतर आहे. चुकलेला प्रत्येक प्रश्न उघडायचा आणि त्याच्यापुढे कारण लिहायचं. हे कधी वाचलंच नव्हतं, की वाचलं होतं पण आठवलं नाही, की दोन पर्यायांवर आले आणि चुकीचा निवडला, की प्रश्नातला "सोडून" हा शब्दच वाचला नाही. विषय पण लिहायचा. याला दोन दिवस जातील, जाऊ देत.

तुझे बाबा बागेत काय करतात आठव. मोहोर काळा पडला तर ते दुकानातलं प्रत्येक औषध आणून सगळ्या बागेवर मारत सुटतात का? आधी झाडाखाली उभं राहून बघतात तुडतुडा आहे की भुरी आहे की करपा, कुठल्या कलमांवर आहे, मग फवारणी. तुडतुड्यावरचं औषध भुरीवर मारून पैसे आणि मोहोर दोन्ही जातो. ज्या मुलीचं "वाचलंच नव्हतं" जास्त निघेल तिला प्रश्न सोडवून काही होणार नाही, तिला त्या विषयाच्या छोट्या नोट्स आधी वाचायला हव्यात. जिचं "वाचलं होतं, आठवलं नाही" जास्त निघेल तिला प्रश्नच हवेत, आणि तेच तेच परत. "दोन पर्यायांवर आले" वालीला स्पष्टीकरणं नीट वाचायला हवीत, विशेषतः बाकीचे तीन पर्याय चूक का आहेत ते. आणि नीट न वाचणारीला झोप आणि वेळ लावून सराव. चौघींना चार वेगळी उत्तरं आहेत, आणि ग्रुपवर चौघींना एकाच अ‍ॅपचं नाव सांगितलं जातं.

आता क्यूबँक निवडायची कशी तेही सांगते, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांकडे आधीच एक असेल असं नाही.

पहिली गोष्ट, ती ताजी आहे का. याची चाचणी दहा मिनिटांची आहे आणि फुकट ट्रायलमध्ये करता येते. पोलिओची इंजेक्शनची लस, एफआयपीव्ही, किती डोस ते शोध. २०२३ पासून नऊ महिन्यांचा तिसरा डोस आलाय, ६ आठवडे आणि १४ आठवडे एवढ्यावरच स्पष्टीकरण थांबत असेल तर ते जुनं आहे. गर्भपाताचा कायदा शोध, २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत आणि ठराविक स्त्रियांसाठी २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं, हे आहे का. टीबीत अजून आरएनटीसीपी हे कार्यक्रमाचं जुनं नाव, कॅटेगरी दोन, आठवड्यातून तीनदा गोळ्या असं लिहिलंय का, कारण २०२० पासून त्या कार्यक्रमाचं नाव एनटीईपी झालंय, औषधं रोज देतात आणि कॅटेगरी दोन बंद झालीये. आणि फॉरेन्सिकमध्ये १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं ३०२ आता १०३ झालं, निष्काळजीपणाने मृत्यूचं ३०४अ आता १०६, गंभीर दुखापतीचं ३२० आता ११६, आणि इन्क्वेस्टचं, म्हणजे संशयास्पद मृत्यूच्या पोलीस चौकशीचं, सीआरपीसी १७४ आता नागरिक सुरक्षा संहितेत १९४. चांगल्या संचात जुनं आणि नवं दोन्ही कलम शेजारी दिलेलं असतं. या चार गोष्टींत दोन ठिकाणी जुनं सापडलं तर तो संच कितीही प्रसिद्ध असो, निदान पीएसएम-फॉरेन्सिकसाठी तरी त्यावर विसंबू नको. माझ्या वेळी मी ज्या क्लासचे प्रश्न पाठ केले होते त्यात लसीकरण जुनंच होतं, आणि मी ते इतकं पक्कं केलं होतं की पेपरात बरोबर पर्याय समोर असून खोडला.

दुसरी गोष्ट स्पष्टीकरणाची. एखाद्या विषयाचे दहा प्रश्न काढ आणि स्पष्टीकरण वाच. बरोबर पर्याय का बरोबर हे सगळेच देतात. चुकीचे का चूक हे दोन-दोन ओळींत दिलंय का, आणि वाचून झाल्यावर तुला ते स्वतःच्या शब्दांत सांगता येतंय का ते बघ. कोणाला पानभर स्पष्टीकरण आवडतं, मला ते वाचून डोकं जड व्हायचं. हे तुझ्यावर आहे, मैत्रिणीवर नाही. चित्रांचे प्रश्न पण बघ, एक्सरे, ईसीजी, त्वचेवरचे डाग, डोळ्याच्या पडद्याचे म्हणजे फंडसचे फोटो, हे आता पेपरात भरपूर असतात आणि नुसतं शब्दांत वाचून येत नाहीत.

यूवर्ल्डचं. मावसभाऊ चुकीचं सांगत नाहीये, त्याच्या परीक्षेसाठी ते उत्तमच आहे, यूएसएमएलई देणारे जगभर तेच करतात आणि रोगाची यंत्रणा समजावण्यात त्याचा हात धरणारं फार कमी आहे. पण ती परीक्षा अमेरिकेची आहे. तिथल्या डॉक्टरला माकडताप कशाला विचारतील? आणि तुला विचारतील, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ ला कर्नाटकात सापडलेला, हेमाफायसॅलिस गोचिडीतून पसरणारा, आणि २०१६ ला आपल्या दोडामार्गात आलेला, तुझ्या घरापासून काही तासांवर. भातलावणीत चिखलात उभं राहून येणारा लेप्टो आणि त्यावर डॉक्सीसायक्लीन. फुरसं चावलेला पेशंट, २० मिनिटं रक्त काचेच्या नळीत न हलवता ठेवून गोठतं का बघायचं, आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी सर्पविषावरची लस, एएसव्ही. विंचू चावून घामाने भिजलेलं, हातपाय गार पडलेलं मूल, आणि उत्तर प्राझोसिन. हे प्राझोसिनचं काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं, रायगडातल्या खेडोपाडीच्या पेशंटवर बघून केलेलं, त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली. हे इतकं सविस्तर लिहिलं कारण मुलांना वाटतं भारतीय प्रश्न म्हणजे कंटाळवाणी पाठांतरं, आणि ते तर आपल्याच पडवीतले पेशंट आहेत. तुझ्या आजीला विचार, विंचवाचं ती तुला पुस्तकापेक्षा जास्त सांगेल. तर यूवर्ल्ड नको, निदान या चार महिन्यांत तरी नको. पुढे अमेरिकेचा विचार पक्का असेल तर तेव्हा बघ.

नीट पीजीसाठी बनवलेल्या संचांबद्दल पण एक शब्द. बहुतेक मोठी अ‍ॅप मुळात त्यासाठीच असतात. प्रश्न थोडे जास्त अवघड, बारकावे जास्त. तिथे ५५ टक्के आले म्हणून घाबरायचं कारण नाही आणि एखाद्या सोप्या संचात ८० टक्के आले म्हणून निवांत व्हायचं पण नाही. एफएमजीईसाठी वेगळं मॉड्यूल किंवा वेगळे मॉक असतील तर ते वापर, नाहीतर सोपे-मध्यम प्रश्न आधी संपव आणि अतिअवघड मागे ठेव.

आता तीन अ‍ॅपचं गणित मांड. धर एका संचात १०,००० प्रश्न आहेत. प्रश्न सोडवायला एक मिनिट, स्पष्टीकरण वाचायला दोन. ३०,००० मिनिटं, म्हणजे ५०० तास. आज ऑगस्टचा मध्य धरला तर हातात साधारण १२० दिवस आहेत, त्यातून गणपतीचे चार दिवस, आजारपण, लाईट नसणं वजा कर. काहीच वजा न करता रोज चार तास नुसते प्रश्न धरले तरी ४८०च तास होतात. म्हणजे एक संच एकदा, तोही ओढूनताणून. दुसऱ्यांदा कधी करणार? आणि फायदा तर दुसऱ्या वेळेलाच होतो. दोन किंवा तीन संच म्हणजे प्रत्येकाचा सोपा वरचा थर चाटून पुढे जाणं, तेवढ्यात वाटतं खूप अभ्यास झाला. म्हणून मी तर म्हणेन एका संचाचे पण सगळे प्रश्न नको. महत्त्वाचे विषय पूर्ण, बाकीचे निवडून, सहा-सात हजारांवर आण, आणि चुकलेले सगळे दुसऱ्यांदा. ते दुसऱ्यांदा चुकलेले तिसऱ्यांदा.

दुसऱ्यांदा करताना एक फसगत होते, उत्तर "क" होतं एवढंच आठवतं आणि बरोबर येतं. त्यासाठी पर्याय हाताने झाकायचे, प्रश्न वाचून उत्तर मोठ्याने म्हणायचं, मगच हात काढायचा. घरात लोक हसतील, हसू देत. व्हिडिओ परत परत बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. रॉडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला होता, एका गटाने उतारा परत वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. आणि परीक्षा कधी पाच मिनिटांनी नसते. व्हिडिओ बघून झाल्यावर जे "कळलं, कळलं" वाटतं ते त्या पाच मिनिटांतलं असतं.

सुरुवातीचे दोन महिने विषय घेऊन कर, मग ऑक्टोबरपासून सगळे विषय मिसळून ५०-५० चे गट, घड्याळ लावून. पेपरात डोळ्यांनंतर एकदम बायोकेमिस्ट्री येते आणि त्या उडीचीच सवय नसते. पूर्ण मॉक महिन्यातून एक, शेवटच्या महिन्यात आठवड्याला एक, त्याहून जास्त नको कारण मग चुका तपासायला वेळ उरत नाही आणि न तपासलेला मॉक म्हणजे फुकट गेलेला दिवस.

गावाकडच्यांसाठी एक अगदी साधी गोष्ट जी ग्रुपवर कोणी सांगत नाही. अ‍ॅप घ्यायच्या आधी ते तुझ्या घरी, तुझ्या पडवीत, पावसात चालतंय का बघ. प्रश्न डाउनलोड करून नेटशिवाय सोडवता येतात का, का प्रत्येक चित्रासाठी गोल फिरत राहतं? पावसाळ्यात आपल्याकडे लाईट गेली की टॉवर पण जातो, दोन दोन दिवस जातो. पुण्यातल्या हॉस्टेलवर उत्तम चाललेलं अ‍ॅप देवगडला निरुपयोगी ठरू शकतं, आणि तू निम्मी क्यूबँक का राहिली याचं एक कारण हेच तर नाही ना? तसं असेल तर ते कारण प्रामाणिकपणे मान्य कर, तो तुझा आळस नाही, आणि उपाय पण सोपा आहे. आठवड्याचे प्रश्न तालुक्याला किंवा जिथे रेंज आहे तिथे बसून उतरवून घ्यायचे, किंवा छापील एमसीक्यूचं एखादं ताज्या आवृत्तीचं पुस्तक लाईट नसलेल्या दिवसांसाठी जवळ ठेवायचं. सबस्क्रिप्शन परीक्षेच्या तारखेपुरतंच घ्यावं, आणि "ऑफर आज रात्री बाराला संपते" याला बळी पडू नये, गणपतीची संपली की दसऱ्याची येते, दिवाळीची येते.

टेलिग्राम. त्या माणसाला ब्लॉक कर. चोरीचं आहे हे तर आहेच, तू उद्या डॉक्टर होणार आहेस, पण त्याशिवाय त्यात अपडेट येत नाहीत, म्हणजे वर सांगितलेलं सगळं जुनं तुझ्या वाट्याला, आणि तुझ्या चुका कुठे साठत नाहीत, जो या सगळ्याचा मूळ उपयोग आहे. डिसेंबर जवळ आला की तीच मंडळी "पेपर मिळेल" म्हणून येतील. मिळत नाही, पैसे जातात, बोर्ड स्वतः वेळोवेळी याबद्दल सावध करतं. आणि "मागच्या वर्षीचे प्रश्न" म्हणून जे फिरतं त्याचंही समजून घे. बोर्ड पेपर बाहेर देत नाही. जे फिरतं ते मुलांनी आठवून सांगितलेलं असतं, म्हणून एकच प्रश्न तीन ठिकाणी तीन पर्यायांनी दिसतो आणि उत्तरावरून भांडणं होतात. त्यातून कुठले विषय, कुठले टॉपिक परत परत येतात एवढं घ्यावं, ते फार उपयोगाचं आहे. उत्तर मात्र आपल्या संचातून किंवा पुस्तकातून पक्कं करावं.

बाबांचं राहिलं. त्यांनी उचल घ्यायची तयारी दाखवली यातच किती आलं. पण अगं, तुला माहितीये ना उचल घेतली की पेट्या त्याच दलालाकडे जातात आणि भाव तो सांगेल तो. पुढचा हंगाम कसा जाईल कोणालाच माहीत नाही, अवकाळी एक सर आली की मोहोर गळतो. तुझ्याकडे अ‍ॅप आहे, वर्षाचं आहे, डिसेंबरपर्यंत चालतंय. या घडीला तुला पैशाची गरजच नाहीये, आणि हे तू त्यांना स्वतः सांग. फार तर छापील पुस्तकाचे आणि मुंबई-पुण्याला परीक्षेला जायच्या प्रवासाचे पैसे लागतील. त्यांना काहीतरी करायचंच असेल तर संध्याकाळी अर्धा तास पीएसएमचे प्रश्न त्यांना वाचून दाखवायला सांग, मराठी उच्चारात वाचले तरी चालेल. माझ्या आईने ते केलं होतं. ती चौथी शिकलेली आणि शेवटी शेवटी तिलाच लसीकरणाचं वेळापत्रक पाठ झालं होतं.

चाकरमान्यांना जे आहे तेच सांग, १३८ आले, १५० लागतात, डिसेंबरला परत बसतेय. या परीक्षेला किती वेळा बसायचं यावर बंधन नाही हेही सांग, ते बहुतेकांना माहीत नसतं आणि ऐकलं की चौकशी आपोआप कमी होते. आरतीला बस, मोदक खा, आणि दुपारी सगळे झोपले की ५० प्रश्न कर. गणपतीचे चार दिवस पूर्ण बुडवायचे नाहीत आणि पूर्ण अभ्यास पण करायचा नाही, घरात उत्सव असताना खोलीत कोंडून घेतलेल्या मुलीचं डोकं तसंही बाहेरच असतं.

रविवारचा मॉक झाला आणि चुकांची वही भरली की मला परत लिही. स्कोअर नको पाठवू. विषयवार किती चुकले, कारणांची विभागणी काय, आणि रिकामे किती सोडले एवढंच पाठव. पीएसएम किंवा फॉरेन्सिकमध्ये तुझ्या अ‍ॅपचं जुनं निघालं तर फक्त त्या दोन विषयांपुरतं काय घ्यायचं ते आपण त्या आकड्यांवरून ठरवू.